डबीरकाकूंनी नाकारलेलं औषध

भंवरकुआं चौकात डबीरकाकूंचं मेडिकल होतं आणि त्या गिऱ्हाइकांवर सरळ खेकसायच्या. औषध कुणासाठी ते विचारायच्या आणि उत्तर पटलं नाही तर काढलेली बाटली परत फळीवर. "दवाई आहे ही, सेव-परमलचा पुडा नाही!"

आमची मुलगी तेव्हा अठरा दिवसांची. नाक चोंदलेलं, अंग थोडं गरम. माझ्या आईने तिला दोन शालींत गुंडाळून छातीला बाम चोळला होता. मी काकूंकडे सर्दी-तापाचं सिरप मागितलं.

"किती दिवसांची आहे?"

"अठरा. पण हलकाच ताप आहे."

"भिया, एवढ्याशा लेकराचा ताप हलका नसतो. सिरप नाही मिळणार. सीधा डॉक्टरकडे घेऊन जा, आत्ताच!"

चार लोकांसमोर बोलल्या, म्हणून माझं डोकं फिरलं. तणतणत पलीकडच्या दुकानात गेलो. तिथे एक अक्षर न विचारता बाटली मिळाली. बाहेर पडलो तर समोर काकू. दुकान उघडं टाकून आलेल्या.

"घर कुठे आहे? चल."

घरात शिरताच त्यांनी शाली सोडल्या, बाम पुसून काढला, काखेत थर्मामीटर लावला. एकशे एक.

"माईजी, श्वास तर घेऊ द्या तिला!" त्या आईवर कडाडल्या. मग माझ्या बायकोला विचारलं, "दूध पितेय?"

"सकाळपासून ओढतच नाहीये हो," ती रडायला लागली.

काकू तशाच बाहेर धावल्या. तेव्हा कुठे मी घाबरलो. त्यांनीच रिक्षा थांबवली.

रक्तात इन्फेक्शन निघालं. दहा दिवस मुलगी दवाखान्यात होती. "घरी सिरप पाजत बसला असतात, तर उशीर झाला असता," डॉक्टर म्हणाले. ती वाचली.

पुढे काकूंचं गिऱ्हाईक तुटत गेलं. 'खडूस बाई' म्हणून लोक न विचारता देणाऱ्याकडे वळले. त्याचं दुकान आता दुमजली आहे. तिथली गर्दी पाहिली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेवटी काकूंनी शटर कायमचं ओढलं आणि त्या भावाकडे देवासला निघाल्या. खोकी गाडीत चढवायला मी एकटाच होतो. म्हणालो, "काकू, तुमचे उपकार..."

"उपकार काय घेऊन बसलास? मी नाही म्हटलं, तर तू दुसरीकडे गेलास. लेकरू तुझं होतं ना रे?"

गाडी निघाली, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला माफ केलं नाही. मीही स्वतःला केलेलं नाही.