मंदाच्या ओळी

भाऊजींचा, म्हणजे मंदाच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी पुढच्या कार्यक्रमाची यादी करत होते. माईक किती, साड्या कोणत्या, गाडी कुठून निघणार. "ताई, मंदा गेली… सकाळी सहाला," एवढंच ते म्हणाले. मी त्या यादीवरच वेळ लिहून घेतली. असं का केलं, हे दीड महिना झाला तरी मला सांगता येत नाही.

परभणीत कॉलेजला असताना आम्ही चौघींनी 'रुणझुण' हा ग्रुप काढला होता. गाणी आमची, चाली आमच्या आणि कॅसेट एकच, पण ती एसटी स्टँडवरच्या टपरीतही वाजायची. वरच्या पट्टीतल्या ओळी मंदाच्या. तिचं लग्न ठरलं आणि आठ दिवसांत मी तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली. कार्यक्रम घेतलेले होते, मला तेवढंच दिसत होतं. मंदा तालमीला आली तेव्हा भिंतीवरच्या यादीत तिचं नाव खोडलेलं होतं. तिनं गाण्यांची वही माझ्या हातात दिली आणि गेली. वर्षभरात आमचीही लग्नं झाली, ग्रुप मोडला.

पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी ती कॅसेट मोबाईलवर टाकली, गावोगावहून विचारणा सुरू झाली. मंदाला फोन मी सगळ्यात शेवटी केला. धीर होत नव्हता. ती म्हणाली, "लय उशीर केलास की गं सुमे. तालीम माझ्या माडीवर." राणीसावरगावला शाळेच्या मैदानात पहिला कार्यक्रम, मग पालम, मग सोनपेठ. आमच्या वयाच्या बायका लेकी-सुनांना घेऊन यायच्या आणि आमच्या आधी ओळी म्हणायच्या. जीपमध्ये मागं बसून मंदा माझी नक्कल करायची, डबे मोजले का, बाया मोजल्या का… आणि बाकीच्या दोघी हसून लोळायच्या.

सोनपेठला गाता गाता तिचा दम तुटला. छातीचं दुखणं तिनं आमच्यापासून लपवलं होतं. पुढचा कार्यक्रम परभणीच्या स्टेडियमवर होता. मी घरी येऊन दुसरी यादी केली आणि मंदाच्या सगळ्या ओळी माझ्या भाचीला दिल्या. तालमीत तो कागद वहीतून खाली पडला. उचलला नेमका मंदानंच.

"पुन्हा तेच करायलीस?" तिचा आवाज चढला नव्हता. "गाणं जमत न्हाई, हे मला म्हणू दे की. त्या वेळी तरी कुठं विचारलंस?"

मी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. मग विचारलं, गाशील का? तिनं थोडा विचार केला. तीन गाणी गाईन, खुर्चीवर बसून. बाकीची तुझ्या भाचीला दे, म्हणाली.

स्टेडियमच्या पायऱ्या भरल्या, लोक मैदानात बसले, भिंतीवर चढले. गाण्याला एवढी माणसं इथं कधीच आली नव्हती, असं तिथला म्हातारा वॉचमन सांगत होता. मंदानं तिन्ही गाणी गायली. शेवटच्या ओळीला दम पुरेना, तेव्हा तिनं हसून नुसता हात वर केला आणि ओळ लोकांनी पुरी केली.

त्यानंतर ती तीन आठवडेच होती.

ती गेल्यावर तालीम माझ्या घरी हलवायची, हे मी ठरवूनच टाकलं होतं. भाऊजींना कशाला त्रास… मैत्रिणींना कळवायला फोन हातात घेतला, तो खाली ठेवला आणि त्यांच्याकडे गेले. काय करू, विचारलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "ताई, रविवारी चारला चहा टाकायची सवय पडलीय. तुमी दुसरीकडं गेलात तर मी कुणाला देऊ?"

तालीम अजून तिथंच होते. भाऊजी चहा वर पोचवतात आणि आपला कप घेऊन जिन्यात बसतात. त्या तीन गाण्यांतल्या मंदाच्या ओळी आम्ही अजून कुणाला दिलेल्या नाहीत. त्या आल्या की आम्ही थांबतो. पेटी तेवढी चालू राहते आणि जिन्यात कप खाली ठेवल्याचा आवाज येतो.