अवोन्डेलच्या अंगणातली बोअर

वासंतीबाईंनी सगळी नोकरी पुण्यात, दूध संघाच्या प्रयोगशाळेत काढली. भेसळ करणाऱ्याला त्यांनी कधी दयामाया दाखवली नाही. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे, प्रसादकडे, परदेशात अवोन्डेलला आल्या, आणि इथे ना तपासायला दूध, ना बोलायला माणूस. प्रसाद दिवसभर मीटिंगमध्ये. नातीला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर इंग्रजीतच द्यायची.

घरामागे एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता. त्याच्या जमिनीखालच्या गंजक्या टाक्या काढून खड्डा चांगल्या मातीने बुजवला, पण तोवर गळलेलं पेट्रोल भूजलात उतरलेलं. ते पाणी उताराने इकडेच येतं, म्हणून यांच्या अंगणात तपासणीसाठी बोअर घेतली. मनगटाएवढा पाइप आणि वर लोखंडी झाकण, एवढंच. दर तीन महिन्यांनी पाण्याचं सॅम्पल घ्यायला इंद्रनील यायचा. सांगलीचा मुलगा, शिकायला आला आणि इथलाच झाला. पाणी काढून बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थालीपीठ खायचा आणि तासभर गप्पा हाणायचा. त्या एका तासावर बाई पुढचे तीन महिने काढायच्या.

पाणी मात्र सुधारत चाललं होतं.

"काकू, लागोपाठ तीन सॅम्पल्स क्लीन आलीत," तो एकदा खुशीत म्हणाला. "चौथंही तसंच आलं की बोअर बंद; बिघडलं तर पुन्हा एकपासून मोजायचं. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!"

बाईंना थालीपीठ उलटायचं भान राहिलं नाही.

चौथ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा कॅन शेडमधून काढला. चमचाभर पुरे होतं. भेसळीचं प्रमाण त्यांना कोण शिकवणार! पण झाकणाचा बोल्ट हलेना, जोर लावताना कॅन कलंडला आणि पेट्रोल झाकणावरच सांडलं. घाईघाईने साबणाच्या पाण्याने त्यांनी ते पुसून काढलं. आत किती झिरपलं कोण जाणे.

सकाळपर्यंत वासही गेला होता. इंद्रनील निळे हातमोजे चढवू लागला. आता नुसतं गप्प बसायचं होतं. बाईंना स्वतःचीच किळस आली.

"थांब रे. झाकणावर काल पेट्रोल सांडलंय. माझ्याच हातून. आत ओतायला निघाले होते मी."

"पण का, काकू?"

"तू यायचा बंद होशील म्हणून."

त्याने हातमोजे उतरवले. "आज सॅम्पल घेता येणार नाही," तो म्हणाला. "सगळं साफ करून पंधरा दिवसांनी परत यावं लागेल. आणि ऑफिसात मला हीप्स, ढीगभर ऐकून घ्यावं लागणार आहे." त्या दिवशी तो न खाताच गेला.

पंधरा दिवसांनी आला तेव्हाही कामापुरतंच बोलला. चौथं सॅम्पल स्वच्छ निघालं. मग तो बोअर बुजवायला आला. पाइपात सिमेंट ओतून झालं, तसा तिथेच उकिडवा बसून राहिला.

"काकू, तुम्ही गप्प बसला असतात, तर मी अजून वर्षभर येत राहिलो असतो."

"ठाऊक होतं मला," वासंतीबाई म्हणाल्या. "हात धू आणि आत ये. थालीपीठ गार होतंय."