ताटासाठी एकच वाइन

मुलाणी सर नसते, तर त्या शनिवारी कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बाटल्या बर्फात घालत मी उभा नसतो. सरांनी मला तालुक्याच्या शाळेत केमिस्ट्री शिकवली. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो त्यांच्यामुळे. पुढे वाइनचं शिक्षण घ्यायचं मनात आलं, तेव्हा भीतभीत त्यांना विचारायला गेलो. सर पाच वेळा नमाज पढणारे. तरी म्हणाले, "फर्मेंटेशन म्हणजे केमिस्ट्रीच आहे. मन लावून शिक. बाकीचं तुझं तू बघ."

आता मी वाइन कन्सल्टंट आहे. हॉटेलांना वाइन लिस्ट करून देतो, वेटरना ट्रेनिंग देतो, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन जमेल ते सांगतो. याला पेअरिंग म्हणतात. ऐकायला चैनीचं वाटतं. प्रत्यक्षात मी हॉटेलच्या किचनमध्ये उभ्याने चमचाभर भाजी खातो, घोटभर वाइन तोंडात फिरवतो आणि थुंकून टाकतो. लोक जेवायला बसतात तेव्हा मी निघालेला असतो. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण कोणी घरी जेवायला बोलावल्याचं मला आठवत नव्हतं.

म्हणून मुग्धाताईंचा फोन आला तेव्हा फार बरं वाटलं. एका हॉटेलातल्या वाइन टेस्टिंगमध्ये त्यांची ओळख झाली होती.

"आमचा कॉलेजचा ग्रुप जमतोय. काम म्हणून नाही हो, जेवायलाच या. फक्त कशाबरोबर काय घ्यायचं तेवढं सांगा."

मी नवीन शर्ट घेतला.

मेनू त्यांनी आधीच कळवला होता. त्यातला एकेक पदार्थ मी खोलीवर आणून चाखला आणि त्याला वाइन ठरवली. अळूवडीला फसफसणारी स्पार्कलिंग. गोड्या मसाल्याच्या भरल्या वांग्यांना शेनिन ब्लाँ, म्हणजे किंचित गोडसर पांढरी. मटणाच्या रश्श्याला लाल शिराझ. श्रीखंडाला गोड डेझर्ट वाइन. हॉटेलात पदार्थ एकामागून एक येतात, त्या हिशेबाने क्रम अगदी बरोबर होता.

टेबलावर बसलो आणि ताटं आली. डावीकडे कोशिंबीर, चटणी, लोणचं. उजवीकडे वांगी, अळूवडी, श्रीखंड. मध्ये पुऱ्या, शेजारी रश्श्याची वाटी. सगळं एकदम. मी जन्मभर अशाच ताटात जेवलो होतो, पण वाइन ठरवताना ताट डोळ्यांसमोर आलंच नाही.

मुग्धाताईंचे मित्र नंदू समोर बसले होते. त्यांच्यापुढे चार ग्लास.

"सर, मी आत्ता रस्सा खाल्ला. मग काकडी. आता श्रीखंडाकडे चाललोय. लाल घेऊ का पांढरी?"

"रश्श्याबरोबर लाल घ्या."

"आणि तोवर काकडीने काय करायचं? थांबायचं?" ते मुग्धाताईंकडे वळले. "मुग्धा, जेवायला बोलावलंस की सिग्नलला उभं केलंस गं?"

सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात त्यांनी रश्श्यावर शिराझचा मोठा घोट घेतला आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं. कच्ची सुपारी खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, ते टॅनिन. तिखटावर ते आणि अल्कोहोल पडलं की आग आणखी भडकते. मी खोलीवर आणलेला रस्सा मवाळ होता. मुग्धाताईंचा कोल्हापुरी निघाला.

"पाणी दे," नंदू म्हणाले. "ज्ञान नंतर."

आणखी दोघांनी ग्लास बाजूला सरकवले. मुग्धाताई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. त्यांनी ग्रुपला माझं बरंच कौतुक सांगितलं असावं. मी उठलो. तीन ग्लास प्रत्येकापुढून उचलले, फक्त शेनिन ठेवली. बॅगेत तिची एक जादा बाटली होती, तीही बर्फात घातली.

"हीच घ्या, गार असतानाच. सगळ्याबरोबर चालेल. श्रीखंडावर मात्र आंबट लागेल, तिथे नुसतं पाणी."

"हे आधी सांगितलं असतंत तर ग्लास कमी घासावे लागले असते," नंदू म्हणाले. पण त्यांनी रश्श्याबरोबर घोट घेतला, मग वांग्याबरोबर, आणि न विचारता परत ओतून घेतली.

त्यानंतर वाइनबद्दल कोणी काही बोललं नाही. माझ्या धंद्यात याचा अर्थ काम जमलं. गप्पा कॉलेजच्या कँटीनवर गेल्या, मग कोणा एका मास्तरांच्या स्कूटरवर. नुसतं नाव घेतलं की सगळे हसत. मी ताटाकडे बघत जेवलो. जेवण उत्तम होतं.

निघायच्या आधी ग्रुप फोटोची टूम निघाली. सगळे सोफ्यापाशी दाटीवाटीने उभे राहिले. मीही उठून शर्ट नीट केला.

"सर, तुम्ही काढता का जरा?" मुग्धाताईंनी फोन माझ्या हातात दिला.

मी तीन फोटो काढले. चांगले आले.

दारात त्या म्हणाल्या, "थँक यू हं सर. ऑफिसच्या पार्टीला तुम्हालाच सांगणार."

तेव्हापासून मी हॉटेलवाल्यांना सांगतो की मराठी ताटाला चार वाइन लावू नका. एकच द्या, गार आणि किंचित गोडसर. आणि ठरवण्याआधी पूर्ण ताट घेऊन खाली बसा. उभ्याने चमचा चाटून वाइन कळते, जेवण कळत नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सरांना पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. काल एके ठिकाणी माझी चूक झाली. पदार्थ सुटे तपासले, मिश्रण तपासायचं राहिलं. आपण असतात तर बाकावर उभं केलं असतंत. नंतर सावरलं.

मी बरा आहे. काम चांगलं चाललंय. इथे ओळखी पुष्कळ झाल्या. पण माझ्या खोलीवर अजून कोणी जेवायला आलेलं नाही. मीही कधी कोणाला बोलावलं नाही, हे काल घरी येताना लक्षात आलं.

डोळे दाखवायला पुढच्या महिन्यात पुण्याला येणार, असं आपण कळवलं होतं. मुक्काम येरवड्याला मुलीकडेच असेल, तरी एक दिवस दुपारी माझ्याकडे जेवावं. मटण हलाल दुकानातूनच आणीन. रस्सा मी करीन, तिखट बेताचं. प्यायला पाणी.

ताट माझ्याकडे एकच आहे. दुसरं आज आणतो.

आपला विद्यार्थी,
दत्ता