वर केलेले हात

राजापेठेहून अकोल्याला निघालेल्या बसमध्ये एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी होता, पण एक क्षण नीट टेकला म्हणून नाही. सारखं बाटलीतलं पाणी खिडकीबाहेर हातांवर ओतायचा, बोटं हुंगायचा, पुन्हा ओतायचा. शिंतोडे उडाले म्हणून मागची बाई ओरडली. मलाही चैन पडेना. काहीतरी खाऊन तरी शांत बसेल म्हणून मी त्याच्यापुढे संत्रं धरलं.

"तुमीच सोला न भाऊ," तो म्हणाला. "मी लॅबमंदी ग्लायसिन बनवून राहिलो. प्रथिनाची वीट समजा. पन ते बनते सायनाइडपासून."

"मग हातमोजे घालत नाही का?"

"घालतो न. काढल्यावर साबनानं धुतोबी. हात साफ होते, मन नाही होत." पुन्हा बोटं हुंगत म्हणाला, "बनते ते गोड असते म्हन्तात. म्या कधी चाखलं नाही."

मी एकेक फोड त्याच्या तोंडात घातली.

अकोल्याला उतरताच त्याची चिमुरडी "बाबा" म्हणत धावत आली. पोलिसांनी धरल्यासारखे त्याने दोन्ही हात वर केले आणि वाकून गाल पुढे केला. तिनेही सवयीने आपले हात पाठीमागे बांधले, मग पापा घेतला.