ओटीतले चार दाणे

जगभर मदत पोचवणाऱ्या एका संस्थेच्या मरोळच्या ऑफिसात मी नोकरी करते. आमचा पहिला नियम: मदतीत देवधर्म आणायचा नाही. नियम चांगलाच आहे. तांदळाच्या पिशवीबरोबर आपली प्रार्थनाही लोकांच्या गळ्यात मारणारे मी पाहिलेत. डोकं फिरतं माझं.

आईला मात्र या नियमाचं हसू येतं. "देवाचं नाव न घेता कोणी कोणासाठी उठतं का गं?" मी म्हणते, मी उठते ना, रोज सकाळी, अलार्म लावून.

गेल्या वर्षी दिंडोशीच्या एका वस्तीला आग लागली. माणसं वाचली, संसार गेले. सगळ्यांना शाळेत ठेवलं होतं. चटया, चादरी, मच्छरदाण्या, बादल्या, धान्य घेऊन आम्ही पोचलो. एका वर्गात एक मालवणी सासू आणि तिची पोटुशी सून, दोघी उघड्या लादीवर बसलेल्या. सासू कशालाच हात लावेना. "आमी भिकारी नाय," एवढंच. आमच्या मॅडम समजावून थकल्या, मी थकले. सून बिचारी एकदा चटईकडे बघायची, एकदा सासूकडे. दिवस भरत आलेली पोर आजही लादीवरच झोपणार, या विचाराने मला त्या म्हातारीचा असा राग आला की विचारू नका.

शेवटी आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई कांदिवलीहून रिक्षा करून आली ती नारळ, खण आणि हळदकुंकू घेऊनच. मॅडमचा चेहरा पडला. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "आई, नियम."

"मी कुठे देव आणलाय? नारळ आणलाय," ती म्हणाली, आणि सुनेसमोर मांडी घालून बसली. "पोटुशी लेक दिसली, ओटी भरायला आले. भरू ना?"

ओटीला नाही म्हणायची कोणाची टाप आहे? सासूने मान हलवली. आईने सुनेला कुंकू लावलं, आमच्याच पिशवीतले तांदूळ तिच्या ओढणीत घातले, वर खण, नारळ, मग चादर, मग मच्छरदाणी. बादली काही मावेना, ती शेजारी ठेवली. सून खुदकन हसली. मी चटई अंथरून मोकळी झाले.

ओटीतले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. सासूनेच सुनेला खूण केली. सुनेने आईच्या पदरात दाणे टाकले. मला वाटलं, संपलं. पण सासू दाराकडे बघत होती. तिथे आमच्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

म्हातारी उठली, ओटीतले चिमूटभर तांदूळ घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. "घे गो बाय. आमच्याकडसून रिकाम्या हातान जाव नको."

मॅडमनी घडी सोडली आणि ओंजळ पुढे केली.