न थांबणारी क्वेरी

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. मी शिरूर अनंतपाळकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, मैत्रीण देगलूरच्या कापडदुकानदाराची मुलगी. मला डेटाबेसचं वेड, तिला नेटवर्कचं. प्रोजेक्ट कशावर करायचा यावरून आमचं रोज वाजायचं.

एका दुपारी लॅबमध्ये ती नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं बघत बसली होती. इंटरनेटवरचं सगळं असल्याच छोट्या तुकड्यांतून जातं. प्रत्येकावर कुठून आला, कुठं चालला, केवढा आहे, ते लिहिलेलं असतं. स्क्रीनवर सरसर सरकणाऱ्या त्या ओळी बघून मी ओरडलेच, "अगं, हे तर ओळी-रकान्यांचं टेबल हाय! मला क्वेरी लिहू दे की."

"लिही. बघू तुझा डेटाबेस काय करतोय ते."

मी क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचा प्रश्न, लिहिली : सगळ्यात जास्त डेटा कोणता कॉम्प्युटर घेतोय? उत्तर आलंच नाही. मशीन हँग झालं.

तिला हसू आवरेना. "टेबल एका जागी बसून राहतं. ही पॅकेटं थांबतात व्हय? तू सगळी यायची वाट बघत बसलीस. ती कधी संपायचीच न्हाईत!"

मग आम्ही उलटं केलं. प्रश्न जागेवर ठेवला आणि पॅकेटं त्याच्यापुढून जाऊ दिली. नुकतीच गेलेली तेवढी मोजायची, जुनी सोडून द्यायची. स्क्रीनवर पहिलं उत्तर उमटलं, क्षणात बदललं, पुन्हा बदललं. आम्ही लॅबमध्येच एकमेकींचे हात धरून नाचलो. प्रोजेक्ट ठरला!

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला लातूरहून परीक्षक मॅडम आल्या. आमचे सर शेजारीच उभे. स्क्रीनवर जास्त डेटा घेणाऱ्यांच्या यादीत एक कॉम्प्युटर सगळ्यांच्या वर जाऊन बसला होता.

"हा कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. "सरांच्या केबिनमधला," मी हळूच म्हटलं.

सर लाजले. "त्याच्यावर क्रिकेटची मॅच चालू राहिली वाटतं."

"स्कोअर काय झालाय?" मॅडमनी विचारलं, आणि सगळी लॅब हसली. सर केबिनकडे पळाले. थोड्याच वेळात तो कॉम्प्युटर यादीच्या तळाला गेला.

"चाललंय की बरोबर!" म्हणत मॅडमनी टाळी वाजवली.

संध्याकाळी सरांनी मिरचीची भजी मागवली. अर्धी मैत्रिणीनं एकटीनंच संपवली.