माझा हुद्दा आणि बाईंचा रजेचा अर्ज

ऐंशीच्या दशकात अहेरीला एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत आम्ही दोघंच कारकून होतो. मी नवखा, नुकताच पदवीधर. बाई सातवी पास आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते बंद व्हायचे, म्हणून उन्हाळाभर लाकडाच्या गाड्यांचे कागद करता करता आमचा पिट्टा पडायचा. रोजच दोन-तीन तास जादा काम. त्याचे वेगळे पैसे मिळत, आणि त्यांतून बाई पावसाळ्याचं धान्य भरत.

एका उन्हाळ्यात मॅनेजरांनी बाईंना 'पर्यवेक्षक' केलं आणि मला 'मुख्य पर्यवेक्षक'. टेबलांवर पाट्या आल्या. मी हुरळून गेलो. सिंदेवाहीला वडिलांना पत्र टाकलं, त्यांनी आळीभर पेढे वाटले. महिना संपला तेव्हा मॅनेजर म्हणाले, अधिकाऱ्यांना जादा कामाचे पैसे नसतात. काम मात्र तेच. तरी मी म्हणालो, मान तर मिळाला ना! असा मी शहाणा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका दिवसाच्या रजेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, तुमी मंजूर करा."

मी ऐटीत सही ठोकली. मॅनेजर भडकले. माझी सही खोडून त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'रजा देण्याचा अधिकार फक्त मॅनेजरला. कारकुनांनी सह्या करू नयेत.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी त्या कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि चंद्रपूरला कामगार खात्याकडे तक्रार धाडली.

निरीक्षक आले. मॅनेजरांनी त्यांना पाट्या दाखवल्या.

"तुमच्या हाताखाली कोण?" निरीक्षकांनी मला विचारलं.

मॅनेजर माझ्याकडे रोखून बघत होते. गावात मी साहेब झालो होतो. आता कारकून आहे म्हणून कसं सांगणार?

"या बाई," मी म्हणालो. "मी त्यांचा साहेब."

बाईंनी शांतपणे तो कागद पुढे केला. "पाटी पाहान का काम पाहान, साहेब? आमी कोनाले रजा देऊ शकत नाई, कामावर घेऊ शकत नाई, काढू शकत नाई. दिवसभर कागदच लिहून राह्यलो."

निरीक्षकांनी लाल शाई दोनदा वाचली. कायदा हुद्दा बघत नाही, माणूस खरंच काय करतो ते बघतो, असं त्यांनी मॅनेजरांना सुनावलं. आम्हा दोघांचेही पैसे सुटले. पुढे मी मोठमोठ्या कचेऱ्यांत वावरलो, पण इतकी स्वच्छ बुद्धी मला कुठे दिसली नाही.

त्या संध्याकाळी कचेरीबाहेर मी बाईंना गाठलं. लाजेने मान वर होत नव्हती. "बाई, चुकलो. मी तुमच्या विरुद्ध बोललो."

त्या चप्पल घालता घालता हसल्या. "तुमी तसंच बोलान, हे मले माहीत होतं भाऊ. म्हनून तं आदी कागद करून घेतला."